बोरोल्यांची डावी बाजू

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय, हे मी बडोद्यात चौतीस वर्षं लोकांना समजावून सांगितलं. निवृत्तीच्या दिवशी आमच्या रुग्णालयाच्या विश्वस्तांनी माझा सत्कार केला आणि भाषणात सांगितलं, की बेनने इतकी वर्षं पेशंटांना उत्तम मालिश करून दिली. मी शाल घेतली आणि खाली बसले. त्याआधी एक गृहस्थ आपल्या बी.कॉम. झालेल्या मुलाचा बायोडाटा घेऊन आले होते, कारण दारावरच्या पाटीत ‘ऑक्युपेशन’ हा शब्द होता. त्या मानाने मालिश बरीच जवळची म्हणायची.

तर वाचकांसाठी एकदाच सांगते. फिजिओथेरपीवाले तुमचा हात हलता करतात. त्या हलत्या हाताने तुम्ही पुढे काय करणार, हे आम्ही बघतो. शर्टाची बटणं लावता येतात का, पोळी लाटता येते का, बाथरूममधून न पडता बाहेर येता का. आणि गाडी चालवत असाल, तर ती चालवावी की नाही.

हे शेवटचं काम फारसं कोणी अंगावर घेत नाही. पक्षाघाताचा पेशंट घरी जातो तेव्हा त्याच्या कार्डावर मीठ कमी खा, तेल कमी खा, चिंता करू नका, असं सगळं लिहिलेलं असतं. गाडीबद्दल अवाक्षर नसतं. बडोद्यात गाडी चालवणं हे चिंता न करण्यातच मोडत असावं. लायसन्सची मुदत उरलेली असते. ती संपली, तर अर्जदाराने स्वतःच लिहून द्यायचं असतं, की माझी प्रकृती ठणठणीत आहे. म्हणजे मेंदूचा जो भाग गेलाय त्यालाच विचारायचं, बाबा रे, तू जागेवर आहेस ना? वयस्कर माणसाला डॉक्टरचा दाखलाही लागतो. दाखला देणारा रक्तदाब बघतो, डोळे बघतो. मेंदू वरून दिसत नाही, म्हणून बघत नाही.

हेमंत बोरोले वडिलांना घेऊन माझ्याकडे आला तो थेरपीसाठी नव्हे, कागदासाठी. हेमंत एका केमिकल कारखान्यात इंजिनियर, राहायला शहरातल्या समा भागात. वडिलांना बाहेरच्या बाकावर बसवून तो एकटाच आत आला आणि दार लोटून हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, बाबांनी गाडी चालवू नये, एवढं लिहून द्या. आम्ही सांगितलं की घरात कटकट होते.”

“मी अजून त्यांना पाहिलंही नाही.”

“हो, ते बघून घ्या. पण लिहून द्या.”

या धंद्यात येणारी निम्मी माणसं अशीच. घरातलं भांडण घरात झेपत नाही, मग ते बाहेरच्या माणसाकडे शिवायला टाकल्यासारखं टाकायचं. निकाल मी द्यायचा, शिव्या मी खायच्या, आणि मुलगा संध्याकाळी वडिलांच्या शेजारी बसून म्हणणार, “काय करणार बाबा, मॅडमच तशा आहेत.”

एकनाथ बोरोले मूळचे भुसावळकडचे. रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. मालगाडीपासून सुरुवात करून मेलपर्यंत पोहोचलेले, निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. निवृत्तीनंतर त्यांनी एक लहान पांढरी गाडी घेतली. वर्षभरापूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला. पाय सुधारला, बोलणं शाबूत राहिलं, डावा हात थोडा ढिला राहिला. महिन्याभराने ते पुन्हा गाडी चालवायला लागले, आणि घरात कोणाला काही वाटलं नाही, कारण ते बोलत नीट होते. आपल्याकडे नीट बोलणाऱ्या माणसाला काही झालेलं नसतं.

“बेन, मी बत्तीस वर्षं गाडी चालवली,” खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. “एक सिग्नल चुकवला नाही.”

“तुमच्या गाडीला स्टिअरिंग नव्हतं, काका.”

“म्हणून तर सगळं लक्ष सिग्नलवर. सिग्नल डाव्या हाताला असतो. ड्रायव्हर डाव्या बाजूला बसतो. बत्तीस वर्षं डावीकडेच बघितलं.”

मी त्यांना तपासायच्या आधी पार्किंगमध्ये जाऊन गाडी तपासली. ही माझी जुनी सवय, गाडी खोटं बोलत नाही. उजवी बाजू शोरूममधून आल्यासारखी होती. डावीकडे पुढच्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत ओरखडे, दोन ठिकाणी पोचे, आणि आरसा नवाकोरा. बोरोले म्हणाले तो तिसरा.

“लोक डावीकडून घुसतात,” ते म्हणाले.

 बडोद्यात लोक खरंच डावीकडून घुसतात. उजवीकडूनही घुसतात, पण बोरोल्यांना ते दिसत होते.

मग मी आमचे कागद काढले. चांदण्यांनी भरलेलं एक पान असतं, त्यातली प्रत्येक लहान चांदणी खोडायची. त्यांनी उजव्या अर्ध्या भागातली एकूण एक खोडली आणि पेन्सिल खाली ठेवली. डावा अर्धा भाग कोरा. त्या दिवशी कँटीनमधून पोहे आले होते, एक बशी त्यांच्यापुढे ठेवली. उजवीकडचे पोहे संपवून ते म्हणाले, “चव चांगली आहे, पण देतात फार कमी.” मी बशी फिरवली. त्यांनी पाहिलं आणि संकोचून म्हणाले, “अहो, पुन्हा कशाला वाढलंत.”

डोळे ठीक असतात, हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड. डोळ्यांना दिसतं, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. आणि दखल घेत नाही हेही त्याला कळत नाही. माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्यापुरतं जग तेवढंच असतं.

आता उरली रस्त्यावरची परीक्षा. परदेशात म्हणे यासाठी खास गाड्या असतात, खास माणसं असतात. आमच्याकडे मोटर ट्रेनिंग स्कूलचे एक मास्तर होते. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असायचा. पंचवीस वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसून मास्तरांना देवधर्माची गोडी लागली होती. माझ्या पेशंटांबरोबर यायला ते तयार व्हायचे, फक्त आधी उदबत्ती लावायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बोरोले म्हणाले, “उद्या जशुला बरोबर आणू का?”

“कोण जशु?”

“माझा असिस्टंट. डावीकडे बसतो. मला एकट्याने चालवायची सवय नाही.”

“काका, परीक्षेला कॉपी चालत नाही,” मी म्हणाले.

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या दोन मुली हसल्या. उत्तर मलाही आवडलं. फाइलमध्ये मी लिहिलं, ‘स्वतःच्या अडचणीची जाणीव नाही.’ माझं अक्षर चांगलं आहे. ते वाक्य अजून स्वच्छ वाचता येतं.

समाच्या आतल्या रस्त्यांवर मास्तरांची गाडी निघाली. डावीकडे मास्तर, मागे मी. पाच मिनिटं बोरोल्यांनी सरळ रस्त्यावर अशी सुरेख गाडी चालवली, की मास्तरांचे ओठ हलायचे थांबले. मग मी डावीकडे वळायला सांगितलं. त्यांनी नेमकं वळण घेतलं, थेट स्कूटरवरच्या एका बाईच्या अंगावर. तिच्या पुढ्यात भाजीची पिशवी होती, मागे शाळेच्या गणवेशातली मुलगी. मास्तरांनी ब्रेक मारला. गाडी आणि त्या मुलीचा गुडघा यांच्यात वीतभर अंतर राहिलं.

“का थांबवली?” बोरोल्यांनी विचारलं.

ती बाई डाव्या काचेवर हात आपटून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. बोरोल्यांनी आवाज ऐकला आणि मान उजवीकडे वळवली. उजवीकडचा रस्ता मोकळा होता. “कोण ओरडतंय?” ते मला म्हणाले.

मी अहवाल लिहिला. वाहन चालवू नये. यात मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. तो गुडघा मला अजून दिसतो. हेमंतने आनंदाने पेढे आणले. पक्षाघात झालेल्या बापाची गाडी सुटली म्हणून पेढे वाटणारा तो मला पहिलाच भेटला. पंधरा दिवसांत गाडी विकली गेली. बोरोले सुरक्षित झाले, समाचा रस्ता सुरक्षित झाला, मी फाइल बंद केली.

चार महिन्यांनी बोरोल्यांच्या पत्नी, निर्मलाकाकू, एकट्याच रिक्षा करून आल्या. पदराने घाम पुसत खुर्चीवर टेकल्या.

“काका कसे आहेत?” मी विचारलं.

“सुरक्षित आहेत,” त्या म्हणाल्या. “पलंगावर बसतात. जेवायला उठतात, परत बसतात. दाढी करत नाहीत. चार महिन्यांत सोसायटीच्या फाटकाबाहेर गेले नाहीत.”

“हेमंत नेत नाही कुठे?”

“रविवारी नेतो. मॉलमध्ये. तिथे एका बाकावर बसवून आम्ही सामान घेतो.” मग त्यांनी विचारलं, “ताई, ते रोज अकराला जशुभाईंकडे जायचे. गोरव्याला. हे तुम्हाला माहीत होतं ना?”

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. माणूस गाडी कशी चालवतो हे मी दोन दिवस तपासलं होतं. ती घेऊन जातो कुठे, हा प्रश्न माझ्या फॉर्मवर चौथ्या पानावर होता आणि तिथपर्यंत पोहोचण्याआधीच मला उत्तर मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गोरव्याला गेले. कारखान्यांच्या मागच्या बाजूला एका चाळीत तळमजल्यावर जशुभाई राहायचे. मधुमेहाने एक पाय गुडघ्याखाली गेलेला. सून रेखा एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला, सकाळी आठला जायची ती पाचला यायची. मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पोहोचले, तेव्हा ती सासऱ्यांना खिचडी भरवायला धावत आली होती.

“बेसो ने, बेन,” जशुभाई म्हणाले. मग मराठीवर आले. “मराठी मला बोरोलेसायेबाने शिकवली. पहिल्या शिव्या, मग बाकीचं.”

“ते रोज तुम्हाला कुठे न्यायचे?”

“क्यांय नहीं. जायचं आणि यायचं. चाय प्यायची.” त्यांनी डावा हात उचलून दाखवला. “स्ट्रोकनंतर साहेब गाडी घेऊन आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला समजलं, डाबी बाजू गेली. ते माझ्यावरच गाडी घालत होते. म्हणून मी बोललो, डाबी बाजू माझी, जमणी बाजू तुमची. इंजिनात पण आम्ही असंच मोठ्याने बोलायचो. एक जण सिग्नल सांगणार, दुसरा तेच परत बोलणार. मी बोलायचो, डाबीकडे रिक्षा. ते बोलायचे, डाबीकडे रिक्षा. आणि थांबायचे.”

“आणि ते ओरखडे?”

“ते घरून इथपर्यंत एकटे यायचे ना. तेव्हाचे.”

मी हिशेब लावत होते. समा ते गोरवा, रोज, एकट्याने, डाव्या बाजूशिवाय. 

“बेन, तुम्ही त्यांना तपासलं, बरोबर केलं,” जशुभाई म्हणाले. “कोणाला तरी उडवलं असतं. पण मला कोणी कंईच सांगितलं नाही. मी रोज अकराला शर्ट घालून बसायचो. वीस दिवस बसलो. मग रेखाने फोन लावला, तेव्हा समजलं गाडी विकली.”

त्यांच्या पाठीला जखम झाली होती. चार महिने पलंगावरून न हलल्याची. रेखाने चादर सारून दाखवली आणि पुन्हा कामावर गेली, तिची सुट्टी संपली होती. एका पेशंटला मी घरी बसवलं, असं माझी फाइल म्हणत होती. प्रत्यक्षात दोघांना बसवलं होतं, आणि दुसऱ्याची तर फाइलही नव्हती.

मी समाला बोरोल्यांच्या घरी गेले. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

“काका, गोरव्याला जायचं?”

“गाडी नाही.”

“बसने.”

हेमंत घरी होता. “मॅडम, बस?” तो म्हणाला. “स्टेशनला बदलावी लागते. पडले तर? हरवले तर? जबाबदार कोण?”

“मी. लिहून देऊ? तुला कागद आवडतात.”

 मला बरं वाटलं, हे कबूल करते.

बारा दिवस सकाळी मी बोरोल्यांबरोबर बसने गेले. रुग्णालयात मी हे ‘गृहभेट’ म्हणून लिहिलं, कारण बसमध्ये बसून पगार घेण्यासाठी आमच्याकडे रकाना नव्हता. रस्ता ओलांडताना आधी डावा खांदा बघायचा, मग रस्ता. बसमध्ये उजव्या बाजूच्या खिडकीत बसायचं नाही, नाहीतर सगळी बस डावीकडे राहते. हे त्यांच्या डोक्यात राहीना. मग मी म्हणाले, “काका, इंजिनात जसं बोलायचात तसं मोठ्याने बोला.” ते जमलं. फुटपाथच्या कडेला उभे राहून ते हात लांब करून म्हणायचे, “डावी बाजू. दोन रिक्षा. थांबा.” लोक वळून बघायचे. एका बाईने मला हळूच विचारलं, “बेन, भाईंना बरं नाही का?” मी म्हटलं, बरं व्हायला लागलंय.

तेराव्या दिवशी त्यांना एकटं सोडलं. साडेअकराला त्यांचा फोन आला.

“बेन, इथे सगळीकडे चणियाचोळी आहे.”

“कुठे आहात?”

“गोरवा दिसत नाही.”

स्टेशनवर बसच्या पाटीचा डावा अर्धा भाग त्यांनी वाचलाच नव्हता. ते लहरीपुऱ्याच्या बाजारात उतरले होते, भर गर्दीत.  हेमंतचा चेहरा, विश्वस्तांचा चेहरा, मी लिहून दिलेला कागद, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी म्हणाले, “तिथेच थांबा, मी येते.”

“कशाला?” ते म्हणाले. “चुकीच्या लाइनवर आलो. परत स्टेशनला जातो, तिथून बरोबर लाइन घेतो.” आणि फोन ठेवला.

मी तो दीड तास कसा काढला हे विचारू नका. एक वाजता रेखाच्या शेजारणीच्या फोनवरून जशुभाई बोलले, “साहेब पोचले. लेट आहेत. चाय पितात.”

पुढे मी जशुभाईंसाठी नीट गादी असलेली चाकाची खुर्ची मिळवली आणि त्यांच्या नावाची फाइल उघडली. बोरोले खुर्ची ढकलायचे, जशुभाई पुढे बसून सांगायचे, “डाबीकडे खड्डा.” बोरोले परत म्हणायचे, “डाबीकडे खड्डा.” चहाच्या टपरीपर्यंत जायचे आणि परत यायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी एक भाजीची लारी आणि दोन उभ्या स्कूटर ठोकल्या. वेग ताशी दोन किलोमीटरचा असल्याने कोणी दाखला मागितला नाही. पाठीची जखम अडीच महिन्यांत भरली. डॉक्टरांनी मलम चांगलं लागू पडलं असं लिहिलं.

हे पावणेदोन वर्षं चाललं. मग एका सकाळी जशुभाई गेले, झोपेतच. रेखाने बोरोल्यांना फोन केला, नंतर मला.

मी चाळीत पोहोचले तेव्हा बोरोले आलेले होते. जशुभाईंच्या डोक्याशी भिंतीला टेकून उभे होते, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. हेमंतने त्यांना फोनवर सांगितलं होतं, की एकटे निघू नका, मी कारखान्यातून येतो आणि गाडीतून नेतो. सव्वाअकराला तिरडी उचलली. बोरोल्यांनी उजवा खांदा दिला. चौकापर्यंत दिला, मग दुसऱ्याने घेतला, पण स्मशानापर्यंत ते चालत गेले.

हेमंत पाऊण तासाने आला. रस्त्यात कुठे मेट्रोसारखं काहीतरी खणून ठेवलं होतं, कुठे लग्नाची वरात होती. तो माझ्याजवळ चाळीच्या ओट्यावर बसून राहिला, गाडीची किल्ली बोटात फिरवत. माणसं परत आली, नळाखाली हातपाय धुऊन ओट्यावर टेकली. बोरोलेही आले. आत जाऊन रेखाच्या डोक्यावर हात ठेवून बाहेर आले.

“बाबा, कसे आलात?” हेमंतने विचारलं.

“बसने.”

“मी थांबायला सांगितलं होतं ना?”

 बोरोले खाली बघून चपला शोधत होते. चपला त्यांच्या डावीकडे, हातभर अंतरावर होत्या. हेमंत वाकायला गेला, तर मी त्याचं मनगट धरलं. बोरोले तिथेच उभे राहून सावकाश मान वळवत गेले. जरा वेळ लागला. मग त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि बसस्टॉपच्या दिशेने चालू लागले.